तड्यांतला पिवळा

इंदूर, रविवार, संध्याकाळ

आज प्रदर्शनात गार्गी आली. तीन वर्षांनी. आणि सरळ त्याच चित्रासमोर उभी राहिली, त्या काळ्या-निळ्या, तडे गेलेल्या.

लोक म्हणतात, माझी स्टाइल तिथून सुरू झाली. आधी चेहरे, मग तडे. सकाळीच एक काका विचारत होते, "भिया, हे क्रॅक तो गजब आहेत. कसे आणता?" मी आणले कुठे? कॉलेजात गार्गीचं पोर्ट्रेट करत होतो, पिवळ्या ओढणीतलं. तेव्हाच तिला मनातलं सांगितलं, तर ती म्हणाली, "परीक्षा होऊ दे, मग बोलू." माझं डोकं सटकलं. तिच्या पोर्ट्रेटचा तेलरंगाचा थर ओला असतानाच त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळा-निळा फासला. आठवड्याभरात कॉलेजही सोडलं. वरचा रंग आधी वाळला आणि तडकला. थर वाळेपर्यंत थांबायचं, हे तर पहिल्याच वर्षी शिकवतात. आणि पुढची सगळी चित्रं म्हणजे त्याच चुकीची नक्कल.

गार्गी तड्यांतला पिवळा बघत होती.

"ही माझी ओढणी ना रे?"

"नाही. नुसता रंग आहे."

असं का म्हणालो मी?

"अच्छा," ती म्हणाली. "शेवटच्या पेपरला तीच घालून आले होते. तुला हो सांगायला. तू नव्हतास, फोनही बंद."

त्या दिवशी मी घरीच होतो. नव्या कॅनव्हासवर तडे पाडत बसलो होतो.