पदरावरचे डोळे

कासा, ९ मार्च २०१८

हायवेच्या धुळीने सगळा तालुका तोंड बांधून फिरतो. माणसं ओळखायची कशावरून, याचा सरकारने तातडीने जीआर काढावा! आज बाजारात भाजीच्या पाटीमागून एक बाई म्हणाली, "काय भाऊ, ओलखलं नाय? वहिनी बऱ्या हायत ना?" पदराच्या वर फक्त डोळे. ओळखीचे, पण कुणाचे? "मजेत!" असं ठोकून मी सटकलो.

घरी माझ्यापुरता चहा टाकला आणि एकदम आठवलं. दवाखाना! हिच्या शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सासूजवळ बसायची ती बाई. वॉर्डाच्या वासाने कायम नाकाला पदर. जाता-येता आमच्या हिची वेणी घालून द्यायची. मेंदू तरी काय चीज आहे! तिचा चेहरा कधी दिसलाच नव्हता, तर त्याने डोळे तेवढे जपून ठेवले. आणि मी हिला "मजेत" करून आलो!

चहा तसाच ठेवून परत गेलो. ती आवरत होती.

"ताई, ही गेली. दिवाळीच्या आधीच."

तिने तोंडावरचा पदर सोडला. चेहरा असा होता तर.

"केस लय मऊ होते वहिनींचे," ती म्हणाली.

हिच्याबद्दल इतक्या महिन्यांत कुणी काही बोललं नव्हतं. मी खाली वाकलो आणि पाटी तिच्या डोक्यावर चढवून दिली.