चिंचेखालचा धूर

मंगळवार संध्याकाळ, झरी

आज चिंचेखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या त्या आमच्या आईनंच. वर वटवाघळं झोपलेली. कोरोना त्यांनीच आणला असं गाव अजून म्हणतं, आणि बाबा कोरोनातच गेले. मी वनरक्षक, वर्दीत धावलो, पण आग विझवता आली नाही. की विझवली नाही? पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या पटापट खाली पडत होत्या.

म्हटलं, "आई, मोहाचं बी ही वटवाघळंच पेरतात जंगलात."

"तुह्या बापाचं तोंड बी पाहू देलं नाही मले. तू जंगल कायले सांगून राह्यला?"

आत्ता तिनं भाकर वाढली. भाकरीला धुराचा वास. चुलीतही पऱ्हाट्याच जळतात, रोजचाच असेल. पण हात धुऊन बसलेली आई पुन्हा हात धुवायला उठली.