काचपट्टीवरची गर्दी

१९ सप्टेंबर

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला तरी गळतोच. हे तुला कशाला सांगतेय? जे लिहायचंय ते पेनातून उतरत नाही म्हणून.

मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या हॉस्पिटलातून काचपट्ट्या आल्या. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलेलं, कारण कळेना, म्हणून बाळाला पोसणारी वार तपासायला पाठवलेली. पट्ट्यांवर नुसते नंबर असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि चक्रावलेच. वारेत आईचं रक्त जिथे खेळतं, त्या मोकळ्या जागेत तिच्याच पांढऱ्या पेशींची खच्चून गर्दी. जंतूंचा मागमूस नाही. घराच्या राखणदारांनीच दार अडवलेलं. ही जुनाट सूज हळूहळू बाळाचं अन्नपाणी तोडते. फार क्वचित दिसते. सांगायला लाज वाटते, पण मी खूश झाले. सहकाऱ्याला हाक मारली, "या, हे पुन्हा बघायला मिळायचं नाही."

तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "या बाईचं आधीही एखादं बाळ गेलं असणार." मग सोबतचा कागद उचलून त्याने मोठ्याने वाचलं. तुझं नाव. तुझ्या नवऱ्याचं नाव. पत्ता.

मी तो कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. तुला दिवस गेलेत हेच मला ठाऊक नव्हतं गं.

"काय झालं?"

"बहीण आहे माझी."

त्याने काचपट्ट्यांचा ट्रे आपल्या टेबलावर नेला. निदान त्याचं, सहीही त्याचीच. तुझ्या डॉक्टरांनी एव्हाना तुला सांगितलं असेल, म्हणून आज लिहितेय.

पहिलं बाळ गेलं तेव्हा आई तुला म्हणाली होती, "पोहायला शिकवणं सोडलं असतंस तर बाळ मांडीवर असतं." त्यानंतर तू आमचा उंबरा ओलांडला नाहीस. बबडे, पोहण्याने हे होत नाही. धावपळीने होत नाही. तुझं काहीही चुकलेलं नाही. ही बहिणीची समजूत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आईला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तू म्हणशील तेव्हाच. आत्ता ती पलीकडून विचारतेय, "कुणाला एवढं लिहितेस?" मी म्हटलं, "कामाचं आहे."

एक गोष्ट मघापासून टाळतेय. ही सूज पुन्हा येऊ शकते. बऱ्याचदा येते. औषधं देऊन बघतात, काहींना गुण येतो, खात्री कुणीच देत नाही. तुला खोटा धीर देणं मला जमणार नाही. पुढचं विचारायला डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मला ने. बोलणार नाही, नुसती शेजारी बसेन.

कागदावर लिहिलं होतं, मुलगी. पोटात असताना तू तिला काय म्हणायचीस, मला सांगशील?

तुझी ताई,
तिची मावशी