हैदराबादच्या रेसची दोन तिकिटं

पप्पा,

मी हैदराबादला चालले, देशोदेशीच्या गाड्यांची रेस बघायला. आपला सुमित तिथं एका टीमचा मेकॅनिक आहे. त्यानं इंजिनिअरिंग सोडल्यापासून तुम्ही त्याच्याशी बोलत न्हाई, म्हणून आधी सांगितलं न्हाई.

तिकिटं दोन काढलीत. तुमचं टीव्हीपाशी ठेवलंय. रेस शनिवारी आहे, उद्या रात्रीच्या गाडीनं निघालात तरी बराबर पोचताल. वरण झाकून ठेवलंय, जेवून घ्या.

तिकिटं काढताना सुमितला फोन केल्ता. तो म्हणला, "ताई, पप्पाला सावलीतली जागा घे. उन्हात त्यांचं डोकं दुखतं."

मी म्हणलं, "ते येणार न्हाईत."

"तरी घे," म्हणला.

मंग सावलीतलीच घेतली.

रूपाली