गप्प केलेला ट्रक

प्रिय चिमणे,

पाकीट बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. प्रगतिपुस्तकावरच्या सहीपलीकडे बापाचं अक्षर तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून आधी सांगतो, पत्र माझंच आहे. चार ओळी लिहायला दोन दिवस लागले. हसू नकोस.

पावणेदोन वर्षं झाली त्या सकाळीला. मी ट्रक थेट तुझ्या दारात आणून लावला होता. तुझी मुलगी झोपेतून दचकून उठली, रडून काळीनिळी झाली. तिला कडेवर घेऊन तू एवढंच म्हणालीस की बाबा, पुढच्या वेळी ट्रक मोठ्या रस्त्यावर लावा आणि चालत या. किती साधं बोलणं! पण माझा राग कायम नाकावर. याच ट्रकच्या जिवावर शिकलीस आणि आता त्याचीच लाज वाटते का, असं शेजाऱ्यांदेखत तोंडाला येईल ते बोललो आणि चहा न घेताच निघालो. ट्रकचा आवाज असा काही मोठा नाही, हे मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. वाटेत दोनदा गाडी थांबवली, परत फिरावं म्हणून. फिरलो नाही.

तुझी आई असती तर तिनं तिथंच झापलं असतं. ती गेल्यापासून घर फार गप्प झालंय. घड्याळ टिकटिकत नाही, दाराची बेल वाजत नाही, कुकर शिट्टी देत नाही. तीनदा भात करपून कोळसा झाला. मला वाटायचं, बाई गेली की घराचाही आवाज जात असेल. हल्ली ओट्याशी उभ्यानंच जेवतो. एकट्यासाठी ताट मांडायला जिवावर येतं.

शेवटी ठरवलं, ट्रकचं तोंड असं बंद करायचं की तुझ्या दारात आला तरी मुलीची झोप मोडू नये. म्हणजे तुला काही बोलायला जागाच राहणार नाही, असा माझा हिशेब. माफी मागण्यापेक्षा वेल्डिंग सोपं. आपला वेल्डर, मौनीबुवा, तुला आठवतच असेल. जन्मात दोन मिनिटं गप्प बसला नाही म्हणून हे नाव. त्याला घेऊन चौदा रविवार खपलो. चासीखालचा कुजलेला सायलेन्सर काढला आणि केबिनच्या मागं नवा उभा केला, माझ्यापेक्षा हातभर उंच. आत भोकं पाडलेला पाइप, त्याच्याभोवती आवाज शोषणारं गच्च ग्लासवूल, वरून जाड पत्र्याचं नळकांडं. बाजारात मिळतो तसला नाही, या इंजिनाच्या मापानं बेतलेला. भोकं मी स्वतः पाडली, हजारावर. त्यांच्या कडा कानशीनं घासून घे, असं मौनीबुवा कानीकपाळी ओरडत होता. मी म्हटलं, आतलं कोण बघतंय?

गाडी सुरू केली आणि माझे डोळे भरून आले. एकतीस वर्षांत हे इंजिन इतकं हळू बोललेलं नव्हतं. म्हटलं, आता मुंगीच्या पावलानं जाईन लेकीकडे. खाली बघतो तर मौनीबुवा दोन्ही कानांत बोटं घालून उभा. आधी वाटलं, थट्टा करतोय. मग समोरचे मास्तर वर्तमानपत्रासकट गॅलरीत आले, गल्लीतली कुत्री गळा काढून रडायला लागली. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, बघा तरी किती शांत आहे म्हणून! शेवटी मौनीबुवानं खडूनं दारावर लिहिलं: शिट्टी वाजतेय, बंद कर. घरघर खरोखर गेली होती, पण न घासलेल्या भोकांमधून सुरीसारखी शिट्टी निघत होती. साऱ्या गल्लीला ऐकू येत होती, फक्त मला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानंच मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत एक शब्द बोलला नाही. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. मी वाट बघत बसलो, वाटलं मशीन अजून चालू व्हायचंय. ते केव्हाच सुरू झालं होतं. जाड आवाज थोडेफार येतात म्हणाले, बारीक आवाज केव्हाच गेले. आणि हे काल-परवाचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. म्हणजे त्या सकाळी तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं, चिमणे.

मौनीबुवानं पाइप पुन्हा उघडून कडा घासल्या. शिट्टी गेली म्हणतो, आता त्याच्याच शब्दावर चालायचं. तरी तू बोलावलंस तर ट्रक मोठ्या रस्त्यावरच लावीन. पण पत्र लिहायचं कारण ते नव्हे. गेल्या वर्षभरात तुझ्या नंबरवरून सातदा फोन खिशात थरथरला. मी हॅलो म्हणायचो, पलीकडे काहीच नाही. मला वाटायचं, तू रागानं गप्प बसतेस. मग मीही हट्टानं गप्प, आणि ठेवून द्यायचो. पण तुझा आवाज माझ्यावर गेलेला, जाडाभरडा. तो मला अजून येतो. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचे आवाज पहिल्यांदा जातात. तेव्हापासून झोप नाही. तू रागात होतीस, म्हणून फोन मुलीच्या हातात देत होतीस ना? ती मला काय सांगत होती, ते तिला विचारून लिहून पाठव. आणि आजोबांनी फोन तिच्यावर रागावून ठेवला नव्हता, एवढं तिला आजच सांग.

तुझाच,
बाबा