धूर निवळेपर्यंत

९ ऑगस्ट, गुरुवार

मोटरहोम घेतली, चाकांवरचं घर. डेन्व्हरच्या बाहेर एका जाळीच्या कुंपणामागे अशा कितीतरी उभ्या होत्या – सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या, पाच-पाच उन्हाळे भाड्याने पळलेल्या. विकणारा माणूस सरळ होता. म्हणाला, "खोटं कशाला बोलू साहेब, भाड्याच्या मोटरहोमला लोक दुसऱ्याच्या घोड्यासारखं पळवतात. पण तेल आम्ही वेळच्या वेळी बदललंय."

जनेल आत शिरली ती भिंती वाचायलाच लागली. जिथे तिथे भाडेकरूंसाठी सूचनांचे स्टिकर. ती एकेका शब्दावर मान फिरवत वाचते, कोंबडी दाणे टिपते तशी. (उपमा तिचीच.) "गाडी हलवण्यापूर्वी कपाटं बंद करा. पायरी आत घ्या. शेगडीचा गॅस बंद करा." मग म्हणाली, "केंट, आपल्या घरात कुणी असं लिहून ठेवलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती."

बाहेरचं चित्र आणि कंपनीचा फोन नंबर खरवडून काढलाय. पण आजूबाजूचा रंग उन्हाने उडाला आणि अक्षरांखालचा नाही. त्यामुळे नंबर अजून स्पष्ट वाचता येतो.

इथून डोंगर दिसायला हवेत. नुसती मळकट पांढरी भिंत आहे. पश्चिमेकडची जंगलं पेटलीत, त्याचा धूर म्हणे.

१२ ऑगस्ट, रविवार

आज मुक्काम शायेन. वारा आणि टपरीवरचं सँडविच.

हे सगळं कशासाठी ते एकदा नीट लिहून काढतो. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने कारण न लिहिता नमुना गोळा करू नये.

जनेलची नजर गेली काही वर्षं कडेकडून मिटत आली आहे. आता नळीतून पाहावं तेवढंच मधलं उरलंय. जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, मधलंही आता जाईल, आणि ते जायला लागलं की भराभर जातं. जनेलने एकच विचारलं, "मग आता काय पाहून घेऊ?"

परत येताना तिने स्वतःच उत्तर शोधलं. "जवळचं माझ्या झरोक्यात मावतच नाही. तुझा चेहरा मी हप्त्याहप्त्याने बघते. आधी एक डोळा, मग नाक, मग दुसरा डोळा, तोवर तू काहीतरी बोलून हललेला असतोस. पण जितकं लांबचं तितकं जास्त मावतं. डोंगर मावेल, केंट. अख्खा." आणि डोंगरही तिने निवडून ठेवले होते. टीटन. त्यांना पायथ्याच्या टेकड्या नाहीत, सपाट गवतातून सरळ उभे राहतात. बुडापासून टोकापर्यंत एका दमात दिसतात.

हॉटेलं तिला नको होती. रोज नवी खोली म्हणजे रोज नव्या जागी नडगी फुटणार. एकच लहान खोली हवी, हातांना पाठ होणारी, आणि ती आपल्याबरोबर चालणारी. मला ते पटलं. मी बिनपगारी रजा टाकली.

पण एक शंका आहे आणि ती जात नाही. मी हे तिच्यासाठी करतोय, की पुढे कधीतरी "निदान ते तरी दाखवलं" असं स्वतःला म्हणता यावं म्हणून?

१५ ऑगस्ट, बुधवार

रॉलिन्सच्या अलीकडे आडव्या वाऱ्याने गाडी अशी ढकलली की फ्रिजचं दार उघडलं आणि अंडी थेट माझ्या सीटमागे आली. जनेल चिकटपट्टी घेऊन वाकली. "दार बंद करा, तेवढाच स्टिकर नाही यांच्याकडे," म्हणाली. पट्टी दाराच्या बोटभर बाजूला चिकटवली. ती पुढे गेल्यावर मी ती सरळ केली.

सूर्य दिवसभर तांबडा. डोळे न मिटता त्याच्याकडे बघता येतं.

१८ ऑगस्ट, शनिवार

लँडर. आज मोडतोड.

मोटरहोम मागे घेताना बायकोने मागे उभं राहून हात दाखवायचे आणि नवऱ्याने आरशात बघायचं. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळची करमणूक तीच. लोक मुद्दाम खुर्च्या फिरवून बसतात, कुणाचा संसार आज मोडतो ते बघायला. गाडीचा मागचा कॅमेरा आम्ही घेतल्यापासून बंद आहे. जनेल पहिल्या दिवसापासून अडून बसली आहे – "मला चालवता येत नाही. हे तरी करू दे." आणि ती ते चांगलं करते. म्हणजे करत होती.

आज ती "ये, ये, ये, अजून ये" म्हणत राहिली आणि मी पाण्याच्या नळाच्या खांबावर गेलो. मागचा दिवा फुटला. समोरच्या खुर्चीतल्या माणसाने बिअरचा डबा उंचावला. "वहिनी, नवऱ्याचा विमा उतरवलाय का?" जनेल हसली. त्याला म्हणाली, "नुसता उतरवून काय करू, वसूल कसा करायचा ते बघतेय." सगळे हसले. मग ती आत गेली आणि संडासातला नळ बराच वेळ वाहत राहिला. टाकीतलं पाणी संपलं तेव्हा थांबला.

खांब लाल रंगाचा होता. तिच्यापासून हातभर अंतरावर.

१९ ऑगस्ट, रविवार

यापुढे मी पाय मोकळे करतो असं म्हणून आधी जागा चालून बघणार. खांब, दगड, झाड, सगळं मनात ठेवणार. मग ती मागे उभी राहील आणि "ये" म्हणेल, आणि मी माझ्या हिशेबाने येईन. तिला वाटेल तिनेच आणली.

हे खोटं आहे का? तोंडाने तर मी काही बोलणार नाही.

२० ऑगस्ट, सोमवार

पोचलो. समोर टीटन आहेत.

असं नकाशा म्हणतो. समोर काहीच नाही. गवताचा पट्टा, कुंपण, आणि पुढे करडं. बोळ्याने पुसल्यासारखं. दुपारी राख पडली, जनेलच्या केसांत दिसली. झटकली तर बोटाला काळं लागलं.

तिने विचारलं, "कुठल्या बाजूला आहेत?" मी तिचे खांदे धरून तिला वळवलं. ती तशीच बराच वेळ उभी होती.

२२ ऑगस्ट, बुधवार

शेजारी कॅन्ससचं जोडपं आहे, व्हर्ल आणि ओपल, दोघं सत्तरीपुढची. बाराही महिने गाडीतच राहतात. व्हर्लने पहिल्याच दिवशी बाजूवरचा पुसट नंबर वाचला. "भाड्याची का? परत कधी करायची?"

"नाही, आमचीच आहे."

"असं सगळेच म्हणतात पहिले चार दिवस."

आज त्याने माझा उद्धार केला. मैल्याच्या टाकीचा नळ मी पहिल्या दिवसापासून उघडाच ठेवला होता, परस्पर वाहून जाईल म्हणून. पातळ वाहून गेलं. घट्ट तेवढं आत राहिलं आणि आता त्याचा ढीग झालाय. व्हर्ल खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसला. "हे प्रत्येकाला एकदा करावंच लागतं रे बाबा. मी केलं तेव्हा ओपल माहेरी गेली होती." ओपल आतून म्हणाली, "मी गेले नव्हते. तुला बाहेर झोपवलं होतं."

बादल्यांनी पाणी ओतत दुपार गेली. जनेल पायरीवर बसून सूचना देत होती. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

संध्याकाळी व्हर्लने बोट थुंकीने ओलं करून वर धरलं. "उद्या वारा फिरतो. लिहून घे."

२३ ऑगस्ट, गुरुवार

नाही फिरला.

२५ ऑगस्ट, शनिवार

जे दिसलं तेच लिहितो.

पाणी भरायला गाडी नळापर्यंत न्यायची होती. नेहमीप्रमाणे जनेल दारापाशी उभी राहिली आणि वरचा स्टिकर मोठ्याने वाचला. एकेका शब्दावर मान फिरवत. "गाडी हलवण्यापूर्वी कपाटं बंद करा. पायरी आत घ्या. शेगडीचा गॅस बंद करा." जिथे थांबायला हवं तिथे थांबली.

दारावर स्टिकर नाही. उन्हाने डिंक सुटला आणि काल तो खाली पडला. मीच उचलून कचऱ्यात टाकला. तिथे आता पिवळट चौकोन आहे, बाकी काही नाही.

मी म्हणालो, "झालं. सगळं बंद आहे."

मग दिवसभर मनाने मागे मागे जात राहिलो. सोमवारी रस्त्याच्या कडेला मी तिला एल्क, म्हणजे इथलं सांबर, दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "केवढी शिंगं!" ती मादी होती. तिला शिंगं नव्हती. मला वाटलं घाईत चुकली. फ्रिजची पट्टी. तो लाल खांब. आणि आता लक्षात येतंय की तिने एवढ्यात कपात कॉफी ओतताना बोट आत घालून ठेवलेलं असतं.

काही उरलं असेल. उजेड-सावली तरी. जवळचं गेलं म्हणजे लांबचं गेलंच असं नाही, तिचाच तर सिद्धांत आहे हा. डोंगर केवढा मोठा असतो.

विचारायचं का? कोणत्या शब्दांत? माझ्या वागण्यावरून तिला अजून कळलेलं नाही की मला कळलंय. किंवा कळलं असेल, आणि ती माझी सोय बघतेय.

२६ ऑगस्ट, रविवार

नाही विचारलं.

२८ ऑगस्ट, मंगळवार

घाटावरून पलीकडे आयडाहोच्या बाजूला जाऊन आलो. पलीकडे धूर पातळ आहे अशी बातमी होती. तिथे तो जास्त दाट. उतारावर ब्रेकला जळका वास यायला लागला. थांबलो, गाडी गार केली, परत आलो.

येताना जनेल म्हणाली, "तू चिडू नकोस. धुराला काय माहीत आपण आलोय ते." आणि थोड्या वेळाने, "दिसत नाहीत तोवर ते कसेही असू शकतात. मला वाटतं त्यापेक्षा उंच असतील तर?"

मी म्हणालो, "असतीलच." मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेतली आणि धुराने डोळे चुरचुरतायत असं सांगितलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या हातापासून वीतभर लांब. मी हात तिथे नेला.

ओपलने रात्रीच्या जेवणाला मक्याची कणसं दिली. जनेल तिला सांगत होती, आमच्याकडे नेब्रास्कात धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही नसतं, त्यामुळे मान वर करायची सवयच नाही. ओपल माझ्याकडे बघत होती. तिला कळलंय. तिने विचारलं नाही. ताट मात्र जनेलच्या हातात अगदी नीट दिलं, कडा अंगठ्याला लावून.

३० ऑगस्ट, गुरुवार

रजा संपत आली. आणखी एक आठवडा मागितला, मिळाला. कोणत्या तोंडाने आणखी मागणार.

रोज सकाळी दार मीच आधी उघडतो. उघडताना मला नेमकं काय दिसायला हवं असतं, ते इथे लिहिणार नाही.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

व्हर्ल आणि ओपल गेले. व्हर्लने हार मानली. "हा वारा आता बर्फ पडल्यावरच फिरणार. माझं ऐक, पोरीला घेऊन खाली दक्षिणेला जा." ओपलने जनेलला बराच वेळ मिठीत धरून ठेवलं.

जनेलने त्यांची गाडी जागेवरून काढून दिली. मागे उभी राहून, दोन्ही हात वर करून. व्हर्ल आरशात तिच्याकडे बघतच नव्हता. ओपल खिडकीतून मान बाहेर काढून त्याला हलक्या आवाजात सांगत होती. गाडी सुखरूप निघाली. जनेल खूश होती. "बघितलंस? खांब होता तिथे," म्हणाली.

खांब होता. दुसऱ्या बाजूला.

आजूबाजूच्या जागा आता रिकाम्या. राख पडायची थांबलेली नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

वारा फिरला. उठलो तेव्हा समोर अख्खी रांग उभी होती. निळी, कोरल्यासारखी, खाचांत जुनं बर्फ, बुडाशी गवत सोनेरी. मधे काही नाही.

जनेल आज माझ्या आधी उठली होती. बाहेर लाकडी टेबलाशी कप घेऊन बसली होती. तोंड नेमकं तिकडेच. माझी पावलं ऐकून म्हणाली, "आजही धूरच ना रे?"

मी म्हणालो, "हो. आजही."

"वास नाही येत पण," ती म्हणाली. मग बाकावर सरकून तिने मला जागा करून दिली.