उदाहरणातली मुलगी

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आईचा खोकला कमी झाला, वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे असं म्हणायचं म्हणून म्हणते. खरं तर डोकं फिरलंय.

सहावं वर्ष आहे गं हे! तत्त्वज्ञानातल्या पीएचडीचा विषय काय, तर 'दिलेलं वचन'. सरांनी तिसरं प्रकरण चौथ्यांदा परत केलं. आधी म्हणाले, पसरट झालंय. कापलं, तर म्हणाले, त्रोटक झालंय. संशोधकांच्या खोलीत आम्ही तिघं आणि खुर्च्या दोन, म्हणून अर्धं प्रकरण मी खिडकीत बसून लिहिलंय. त्यात विभागातली कारकूनबाई रोज विचारते, "अजून इथंच का हो तुम्ही?" नुसता वीट आलाय.

काल मात्र सर एका पानावर थांबले. "हे सोनं आहे," म्हणाले. "बाकी सगळं यावर उभं कर."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ते पान तुझं आहे. गेल्या वर्षी फोनवर मी तुला शहाणपणा शिकवत होते, की आईला आता काहीच आठवत नाही, तर वृद्धाश्रमात ठेव. तू म्हणालीस, "घरीच ठेवीन असं वचन दिलंय तिला. ती विसरली म्हणून ते सुटतं होय? उलट आता मला त्यातून मोकळं करणारंच कुणी उरलं नाही."

मी फोन ठेवला आणि ते लिहून घेतलं. रडले नाही, लिहून घेतलं. 'एका मुलीने आईला वचन दिले' असं उदाहरण केलं. तुझा उल्लेख कुठेच नाही. आणि आतापर्यंत लिहिलेलं सगळं माझंच आहे, असं शुक्रवारी प्रगती-अहवालावर सही करून द्यायचं आहे.

पण खरं बोचतंय ते वेगळंच. सरांनी सहज विचारलं, "या आईला आणखी एखादं मूल असेल तर? मग वचन कुणी पाळायचं?"

मी म्हटलं, "नाही सर, एकच मुलगी आहे."

ताई, त्या दिवशी आईच्या खाटेशी आपण दोघी बसलो होतो. तिचा एक हात तुझ्या हातात होता, दुसरा माझ्या. वचन दोघींनी दिलं.

उद्या सरांना खरं सांगते, मग ते पान राहो नाहीतर जावो. रविवारी घरी येतेय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. रागाव, हवं तेवढं रागाव, पण दार उघडून रागाव.

तुझी,
आईची दुसरी मुलगी